तीन च्युइंगम, पाच तोंडं

माझ्या प्रयोगाच्या वहीत पाच जणांची नावं होती आणि निष्कर्ष चौघांवरून काढलेला होता. पाचवं नाव माझ्या मामाचं, निंबामामाचं. त्याच्या आकड्यांवर मी पट्टी ठेवून लाल रेघ मारली होती, आणि ती सरळ आल्याचा मला अभिमान वाटला होता. मामाच्या तोंडात एक आजार हळूहळू घर करत होता, तो आमच्यापासून लपवला गेला होता, आणि तो कागदावर आधी माझ्याच हातून उतरला. मी तो खोडला. पुढे काय झालं ते सांगायचं तर सगळं नीट सांगावं लागेल, कारण या गोष्टीत कुणी दुष्ट नव्हतं. सगळेच आपापल्या परीने शहाणे होते.

आम्ही सातपूरला कामगारांच्या वसाहतीत राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे चार पावलांची गच्ची. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आई गॅस पेटवायची, दुसऱ्या पाळीचा झाला की अप्पा सायकल दारात टेकवायचे. घड्याळ भिंतीवर होतं पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. खालच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बस जायच्या, त्यांच्या मागोमाग मोटारसायकली, आणि मग एकदम सगळं शांत व्हायचं. त्या शांततेत पलीकडच्या शेडमधल्या पॉवर प्रेसचा ठोका ऐकू यायचा. माझा सगळा अभ्यास त्या ठोक्यावर झाला. पुढे लग्न होऊन मी गंगापूर रोडला राहायला गेले तेव्हा कितीतरी दिवस मला वाचायला बसलं की काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं.

अप्पा एका इंजिनिअरिंग कंपनीत तपासणी विभागात होते. दिवसभर तयार झालेले पीस मापायचे, बरोबर असेल तो एका ट्रेमध्ये, चुकला असेल त्याला लाल ठिपका लावून दुसऱ्या ट्रेमध्ये. घरातही त्यांची नजर तशीच चालायची. पोळी एका बाजूला जाड झाली की ते ती चिमटीत धरून बघायचे. आई म्हणायची, "खा आता. ती काही मशीनमध्ये बसवायची नाहीये." आई सटाण्याकडची. तिच्या हाताला तिखटाचा अंदाज होता तो फक्त वाढवण्याचा. वांग्याचं भरीत, शेवेची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, सगळं असं की पाहुण्यांचे कान लाल व्हायचे. मामा तिचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहून एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. लहानपणी म्हणे तो ठेचा नुसता खायचा. पण त्या वर्षी आई त्याला वेगळं वाढू लागली होती. भाजी पाण्यात धुऊन, किंवा दुधात भाकरी अगदी लगदा होईपर्यंत कुस्करून. विचारलं की दोघंही एका सुरात म्हणायची, पित्त झालंय. आमच्या घरात पित्त या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांनी ज्वालामुखी धरला आणि उरलेल्यांनी पवनचक्की. मला दोन्ही नको होतं. मधल्या सुट्टीत माझ्या मैत्रिणीशी, शैलाशी, माझा वाद झाला होता की कुठल्या च्युइंगमची चव जास्त वेळ टिकते. ती गुलाबी, फुगा येणाऱ्या च्युइंगमची बाजू घ्यायची, मी पांढऱ्या, पुदिन्याच्या चौकोनी वड्यांची. तिसरी पिवळी पट्टी होती, फळांच्या चवीची, ती दोघींनाही आवडत नव्हती पण सगळ्या टपऱ्यांवर मिळायची. मी विज्ञानाच्या देवरेबाईंना विचारलं, हा विषय चालेल का. बाई म्हणाल्या, "चालेल. पण खेळ करायचा नाही. मोजायचं."

मोजायचं म्हटल्यावर अप्पा खूश. त्यांनी कंपनीच्या तपासणीच्या कागदासारखा तक्ता मला आखून दिला. नियमही त्यांचेच. रविवारी अंघोळ झाल्यावर, जेवणाच्या आधी. प्रत्येकाने आधी दोनदा चूळ भरायची. सेकंदाला एकदा चावायचं, ना जास्त ना कमी. बोलायचं नाही. चव गेली की हात वर करायचा, आणि मी अप्पांच्या मनगटी घड्याळात बघून वेळ लिहायची. तीन रविवार, दर रविवारी एक च्युइंगम. पाच माणसं हवीत असं त्यांनीच ठरवलं, कारण कंपनीत प्रत्येक लॉटमधून पाच पीस उचलायची पद्धत होती. मी, शैला, आई, अप्पा आणि मामा.

आईला हे सगळं लाजिरवाणं वाटत होतं. "चांगल्या घरची बाई रवंथ करत बसली म्हणतील," असं म्हणून ती दाराकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसली आणि तोंडापुढे पदर धरून चावू लागली. सेकंदाला एकदा हा नियम तिने कधीच पाळला नाही. ती तिच्या लयीत चावायची, त्यामुळे तिची चव सगळ्यांत जास्त टिकली. अप्पा ताठ बसून चावायचे, नजर समोरच्या भिंतीवर. शैलाला हसू आवरायचं नाही. आणि मामा उंबऱ्याजवळ बसायचा, मोरीच्या बाजूला. मी त्याला विचारलं होतं, मामा, तू बसशील ना? आईच्या माहेरी भाचीला देवासारखं मानतात. मामा भाचीला पाया पडू देत नाही, उलट तोच तिच्या पाया पडतो, आणि तिने मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घ्यायची. मामा अहिराणीत म्हणाला, "माय, तू जे देशी ते मी खासू."

पहिल्या रविवारी गुलाबी च्युइंगम. चौघांचे आकडे पाच ते आठ मिनिटांच्या मधले. मामाने एका मिनिटाला हात वर केला. दुसऱ्या रविवारी पिवळी पट्टी, पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी पुदिन्याची पांढरी वडी, माझी लाडकी. मला नऊ मिनिटं, शैलाला आठ, अप्पांना दहा, आईला बारा. मामाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो मान खाली घालून चावत राहिला, एका मिनिटाला हात वर केला आणि तसाच उठून मोरीत गेला. चुळांचा आवाज बराच वेळ येत होता. आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "निंबा, काय व्हयनं?" तिने विचारलं. आतून मामा म्हणाला, "काही व्हयनं नही. ठसका लागना."

मला त्याचा राग आला होता. आज हे लिहायला बरं वाटत नाही, पण तेव्हा राग आला होता हेच खरं. त्याच्या एकेका मिनिटाने माझी सगळी सरासरी खाली येत होती. आलेख काढला तर तीन सुंदर खांबांच्या शेजारी तीन खुजे ठोकळे. मी वही अप्पांपुढे टाकली. त्यांनी चष्मा लावला, पाचही ओळी बघितल्या आणि कंपनीतल्या आवाजात म्हणाले, "चार पीस मापात आहेत. हा बसत नाही. निंबाचं लक्ष नसतं. लाल कर आणि बाकीच्यांची सरासरी काढ." मी लाल रेघ मारली. मामा हे ऐकत होता. तो हसला आणि म्हणाला, "आपण रिजेक्ट." मला वाटलं तो चेष्टेवारी नेतोय. त्याची सुटका झाली होती हे मला कळलं नाही.

ही चूक अप्पांसारखाच माणूस करू शकतो, आणि त्यांची मुलगी. जन्मभर त्यांनी जे पीस मापले ते सगळे एकाच साच्यातून यायचे, एकसारखेच असायला हवे होते. तिथे वेगळा निघालेला पीस वाईटच असतो. तो वेगळा का निघाला हे विचारणं त्यांच्या विभागाचं काम नव्हतं, ते दुसऱ्या विभागाकडे जायचं. मीही पुढे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि हाताखाली आलेल्या प्रत्येक नवख्या मुलीला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची की न जुळणारा आकडा माझ्याकडे आधी आणायचा. त्यामागे काय आहे ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

देवरेबाईंनी वही चाळली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. "हे कोण?" मी म्हटलं, माझा मामा. "मग त्यांना का काढलं?" मी म्हटलं, त्यांचं लक्ष नसतं. बाई म्हणाल्या, "तीन वेळा एकच आकडा आलाय. लक्ष नसलेल्या माणसाचे आकडे कुठेही जातात, ते एका जागी येत नाहीत. कारण शोध. कारण लिहिल्याशिवाय मी आकडा खोडू देणार नाही." आणि वही परत केली. प्रदर्शनाला जेमतेम दोन आठवडे राहिले होते. घरी येईपर्यंत मी बाईंवर चिडलेली होते, पण त्यांचं म्हणणं डोक्यातून जात नव्हतं.

मला एक कारण सुचलं. मामा च्युइंगम नीट चावतच नसेल, गालात धरून ठेवत असेल. त्या रविवारी मी त्याला म्हटलं, "मामा, वडी जिभेवर ठेव आणि तोंड उघडून दाखव." त्याने मान फिरवली. मी पुन्हा म्हटलं. भाचीने दोनदा सांगितलं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि मला वडी दिसली नाही. तोंड तेवढं उघडलंच नाही. मला वाटलं तो गंमत करतोय. "अजून उघड ना." तो म्हणाला, "एवढंच उघडतं, माय." ते त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी अप्पांना हाक मारली.

अप्पांकडे बारीक मापं घ्यायचा स्वतःचा व्हर्नियर होता, शिकत असताना घेतलेला, मखमलीच्या डबीत ठेवलेला. त्यांनी मामाच्या तोंडाकडे बघितलं, डबी काढली, व्हर्नियर गरम पाण्याने धुतला आणि आधी मला समोर बसवलं. वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर, एक्केचाळीस मिलिमीटर. मग मामाला म्हणाले, "निंबा, ये." आई स्वयंपाकघरातून धावत आली, पिठाचे हात तसेच. "नका मोजू," ती म्हणाली. "अहो, नका ना माप काढू त्याचं. लग्नाचं बोलणं चाललंय. मुलीकडचे पुढच्या महिन्यात येणारेत." तेव्हा आम्हाला कळलं की तिला ठाऊक होतं. तोंडाची आग होते, तिखट सोसत नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि लग्न होईपर्यंत ती ते दुधात कुस्करून झाकत होती. मामा गुटख्याची पुडी गालात धरून लेथवर उभा राहायचा. वर्कशॉपमध्ये सगळेच राहायचे. घरी यायच्या आधी नळावर तोंड धुवायचा, तेही तिला ठाऊक होतं.

मामाने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो अप्पांसमोर जाऊन बसला. अप्पांनी तीन वेळा माप घेतलं, कंपनीत घेतात तसं. तिन्ही वेळा एकोणीस. त्यांनी व्हर्नियर पुसला आणि म्हणाले, "मी तुला लाल केलं, निंबा. तपासायला हवं होतं." मामा म्हणाला, "जाऊ द्या, दाजी." अप्पांनी कुणाची माफी मागितलेली मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. आई जमिनीवर बसून रडू लागली, आणि मला काय करावं ते न कळून मी एकोणीस हा आकडा वहीत लिहून ठेवला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना व्हर्नियरची गरज पडली नाही. ते म्हणाले, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. मामाचं एक बोट जेमतेम गेलं. डॉक्टरांनी गालाच्या आतून बोट फिरवलं आणि आतली कातडी आखडून पांढरी पडल्याचं अप्पांना दाखवलं. ज्याची भीती होती तो कॅन्सर अजून झाला नव्हता, पण याच वाटेने येतो, असं ते म्हणाले. पुडी आज बंद, उद्या नाही. तोंड पूर्वीसारखं उघडेल का, असं अप्पांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू. दर मंगळवारी गालात टोचून घ्यायला आणि तोंडाचे व्यायाम करायला यायचं. मामाने पुडी सोडली, पण फार वाईट तऱ्हेने सोडली. तो कुणाशी नीट बोलेना, एकदा त्याने भाकरीची परात ढकलून दिली, मग स्वतःच तिच्याजवळ बसून राहिला. ते स्थळही गेलं, कारण मामाने मुलीच्या भावाला स्वतः सगळं सांगितलं. पुढे दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं. आजही तो आहे, साठीचा होत आलाय, सटाण्याला असतो. त्याचं तोंड अजून फार उघडत नाही आणि भरीत तो बिनमिरचीचं खातो. मी त्याच्यावर रागावले होते तो तिसरा रविवार आणि व्हर्नियर यांच्यामध्ये पंधरा दिवस गेले. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवसांनी काही बिघडलेलं नाही. मला ते पंधरा दिवस अजून टोचतात.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मी तक्ता मोठ्या कागदावर उतरवत होते. मामाची ओळ मी सोडली होती. आईने तशी विनवणी केली होती, आणि मलाही ते बरं वाटलं होतं, कारण सातपूरचे निम्मे लोक प्रदर्शन बघायला यायचे आणि मामाला सगळे ओळखायचे. मामा मागे येऊन उभा राहिला. "मना आकडा कुठं शे?" मी म्हटलं, तुझं नाव नाही टाकत. तो म्हणाला, "टाक." मी पेन्सिल घेतली आणि तिन्ही चौकोनांत एक-एक मिनिट लिहायला लागले, तेव्हा त्याने माझा हात धरला. "एक नको लिहू," तो म्हणाला. "चव आलीच नव्हती, माय. एकदाही नाही. नुसती आग. पण तू घड्याळ घेऊन बसलेली, इतक्या हौसेनं. लगेच कसं सांगू? म्हणून थोडं थांबायचो, मग हात वर करायचो." आमच्या मागे आई उभी होती. मी तिन्ही चौकोनांत शून्य लिहिलं आणि खाली कारण लिहिलं, गुटखा.

परीक्षक आले, त्यांनी च्युइंगमचे कागद चिकटवलेला तक्ता बघितला, विषय उपयुक्त नाही असं एकमेकांत म्हणाले आणि पवनचक्क्यांकडे गेले. दुपारी पहिली पाळी सुटली. पालक येऊ लागले, बरेचसे कंपनीच्या कपड्यांतच. मामा इस्त्रीचा सदरा घालून माझ्या टेबलाशेजारी उभा होता. कुणीतरी विचारलं, हा शून्यवाला कोण? मामा म्हणाला, "मी." त्याने तोंड उघडून दाखवलं, उघडलं तेवढं, आणि डॉक्टरांची तीन बोटांची गोष्ट सांगितली. लोक हसले. मग एकाने हसत हसत आपली तीन बोटं तोंडात घातली. दुसऱ्याने घातली. बघता बघता माझ्या टेबलापुढे सात-आठ मोठी माणसं बोटं तोंडात घालून उभी होती, वर्गातली मुलं त्यांच्याकडे बघून खिदळत होती, आणि त्या माणसांमधलं हसणं एकेक करून थांबत गेलं. अप्पांच्याच विभागातले एक पाटीलकाका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. मग ते वळून माझ्याजवळ आले, खूप हळू आवाजात, जणू मी डॉक्टर आहे.

"दोनच जाताय," ते म्हणाले. "मग काय करायचं?"

मामाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मंगळवारी माझा नंबर असतो," तो म्हणाला. "संगं चला."